खुर्चीखालचं पान

माझी बायको पानं कुटते. नोकरीच आहे तिची तशी. लोकांना ती सांगते, "मी फळझाडांच्या जातींची ओळख पटवायचं काम करते," आणि मी मागून हळूच म्हणतो, म्हणजे पानं कुटते. घरी गेल्यावर मग मला जे ऐकून घ्यावं लागतं, ते माझं मला ठाऊक.

मी फोटोंच्या चौकटी करणारा माणूस. काच कापायची, लाकूड तासायचं, खिळा मारायचा, एवढीच माझी अक्कल. पण तिची प्रयोगशाळा मी पाहिली आहे. पांढऱ्या चिनी मातीच्या खलात पान टाकतात आणि त्यावर वाफाळणारं, बर्फाहून कितीतरी गार असं काहीतरी ओततात. पान काचेसारखं कडक होतं आणि बत्त्याखाली तडकतं. त्याची भुकटी इवल्याशा नळीत जाते, तिच्यावर दोन-चार औषधं पडतात आणि शेवटी तळाशी शेंबडासारखा एक पांढुरका तंतू उरतो. त्या झाडाची सगळी ओळख म्हणे त्या शेंबडात. पुढे यंत्रं, दिवे, आणि सगळ्यात शेवटी एका काळ्या चित्रावर उजळ पट्टे. एका जातीचे पट्टे ठरलेल्या जागीच पडणार. सरकारी बागेतल्या अस्सल झाडाच्या पट्ट्यांशी ते ताडून पाहायचे. जुळले तर तीच जात, नाही जुळले तर चालते व्हा.

मी विचारलं होतं, एकाच जातीच्या हजार झाडांचे पट्टे सारखे कसे? माणसांची सख्खी भावंडंसुद्धा सारखी नसतात. तर म्हणाली, कलम म्हणजे झाडाचं मूल नव्हे, कलम म्हणजे तेच झाड, दुसऱ्याच्या पायांवर उभं केलेलं. खाली बीपासून उगवलेला रानटी खुंट, त्याच्यावर चांगल्या जातीची काडी बांधायची. जोडाच्या वरचं सगळं चांगल्या जातीचं आणि जोडाच्या खालचं सगळं रानटी. दोघं जन्मभर एकत्र राहतात, पण एकमेकांसारखी होत नाहीत. मी म्हटलं, हे तर आपल्यासारखंच झालं की. त्यावर ती हसली नाही. कामाच्या गोष्टीत ती हसत नाही.

ही बाई आहेच तशी काटेकोर. आमची पहिली भेट माझ्या दुकानात झाली. चौकट न्यायला आली, पिशवीतून गुण्या काढला, कोपऱ्याला लावला आणि म्हणाली, हा काटकोन नाही. नव्हताच. तेव्हाच मी ओळखलं की आता आपलं काही खरं नाही. लग्न झाल्यापासून आमच्या घरात 'साधारण' हा शब्द बंद आहे. साधारण अर्धा तास म्हटलं की लगेच विचारते, साधारण म्हणजे किती? शेजारीण चहाला आली आणि म्हणाली की तिचा भाऊ जवळजवळ मुख्याध्यापक झालाय, तर हिनं तिला विचारलं, जवळजवळ म्हणजे झालाय की नाही? शेजारीण परत आली नाही. पण बायकोचं चुकत मात्र नसे, हेही सांगायला हवं. चूक कबूल कशी करतात हे तिला शिकावंच लागलं नव्हतं.

तिचे वडील, म्हणजे माझे सासरे, कलमं बांधणारे. गावभर त्यांना 'लोणीवाले' म्हणतात, कारण त्यांच्याकडे लोणी नावाच्या नासपतीची कलमं मिळतात. पातळ सालीचं, पिकलं की चमच्यानं खावं असं फळ. आमच्या गल्लीत तरी ज्याच्या परसात नासपतीचं झाड आहे, त्याला ते सासऱ्यांनीच दिलेलं. घरामागच्या अंगणात कुंड्यांच्या रांगा, आणि पार मागे भिंतीला टेकून त्यांचं आईझाड. सगळ्या काड्या त्याच्यावरच्याच. फाटकावरची काचेची पाटी मी रंगवून दिली होती, 'लोणी नासपतीची खात्रीची कलमं'. त्यातला 'खात्रीची' हा शब्द मोठा काढा, असं त्यांनी मुद्दाम सांगितलं होतं.

त्या आईझाडाला माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर एक जाड फुगवटा आहे. तिथून चार फांद्या चार दिशांना फुटतात आणि मध्ये बसायला बेताची जागा होते. बायको लहान असताना सासरे तिला उचलून तिथे बसवायचे. ती त्याला खुर्ची म्हणायची. झाड आणि ती एकाच वयाची, असं घरात सगळे म्हणत.

मग नियम निघाला. ज्या नर्सरीच्या आईझाडाची ओळख प्रयोगशाळेनं पटवली आहे, तिनंच जातीचं नाव लावून कलमं विकायची. बायको त्या दिवशी घरी आली ती पंख फुटल्यासारखी. म्हणाली, पहिलं प्रमाणपत्र आपल्या बाबांचं. सासऱ्यांनी आधी उडवून लावलं, माझ्या झाडाला कोण ओळखत नाही म्हणाले. पण पोरगी एवढी मागे लागलीय म्हटल्यावर खूश झाले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले, की लेक माझ्या झाडाचा दाखला करून देतेय. मला म्हणाले, जावईबापू, चांगल्यातली चौकट करून ठेवा. मी ठेवली.

पानं घ्यायला गेलो तेव्हा फळांचा हंगाम उलटला होता. सासरे गुडघ्याला पट्टा बांधून आत पलंगावर पडले होते. महिनाभर त्यांना अंगणात पाय टाकता आला नव्हता. एरवी खुंटाला फुटलेला कोंब ते बोटानं चुटकीसरशी मोडून टाकत. या खेपेला झाडाकडे बघायलाच कुणी नव्हतं. बायकोला हवी होती कोवळी पानं. कोवळ्या पानातून तो तंतू चांगला निघतो, जून पानात चिकटा फार असतो, हे तिच्या हाताला इतकं सवयीचं की ती जून पानाकडे बघतसुद्धा नाही. वर सगळीकडे जाड, डागाळलेली पानं. पण खुर्चीच्या खाली, भिंतीच्या बाजूला, तांबूस कोवळे कोंब आले होते. तिनं हात घातला आणि चटकन मागे घेतला. बोटावर रक्ताचा थेंब आला होता. मी म्हटलं, बघ, झाडानंच तुझा नमुना घेतला. ती बोट चोखत म्हणाली, गप्प बसा आणि पिशवी धरा. मी पिशवी धरली.

निकालाच्या दिवशी ती घरी आली आणि चपला न काढता पलंगावर बसली. जुळत नाही म्हणाली. लोणीशी जुळत नाही, आणि नोंदीतल्या दुसऱ्या कुठल्याही जातीशीही जुळत नाही. त्याच पानांवर पुन्हा सगळं करून पाहिलं, तरी तेच. प्रयोगशाळेत सगळ्यांना ठाऊक होतं की हे हिच्या वडिलांचं झाड. तिच्या वरच्या मोठ्या बाई तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या होत्या, की जुन्या लोकांचं असं होतं, त्यांना बिचाऱ्यांना काय कळतंय. त्या मायेनंच बोलल्या होत्या, पण आमच्या बाईसाहेबांना ते इतकं लागलं की धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तिला लाज वाटली ती बापाची. हे मी तिच्या तोंडून ऐकलेलं आहे, म्हणून लिहितो.

संध्याकाळी आम्ही सासऱ्यांकडे गेलो. वाटेत मी म्हणत होतो, जरा बेतानं सांग. ती कसली ऐकतेय. पट्ट्यांचं चित्र तिनं त्यांच्या पांघरुणावर ठेवलं आणि म्हणाली, "बाबा, हे लोणी नाही. इतकी वर्षं लोकांना खात्री देत होतात, ती कशाच्या जोरावर?"

सासऱ्यांनी चित्र उलटसुलट करून पाहिलं. नीट बघितलंस ना, एवढंच विचारलं. तिनं मान हलवली. मग गुडघ्यावरच्या पट्ट्याच्या बंदाशी चाळा करत त्यांनी स्वतःच कारण शोधून काढलं. ती जन्मली त्या वर्षी तिची आई बाळंतपणानंतर अंथरुणाला खिळली होती, वाचते की नाही अशी अवस्था. त्याच दिवसांत त्यांनी सरकारी बागेतून लोणीच्या काड्या आणल्या होत्या, आणि दुसऱ्या कुणासाठी कुणाच्या तरी परसातल्या बिननावाच्या नासपतीच्या काड्याही. दोन्ही जुड्या ओल्या पोत्यात एकत्र पडून राहिल्या. डोकं ठिकाणावर नव्हतं. म्हणजे तेव्हाच अदलाबदल झाली असणार, ते म्हणाले. बायकोनं ते मान्य केलं. मलासुद्धा पटलं, उगाच खोटं का बोलू.

गुडघा चालता झाला तसे सासरे बाहेर पडले. पाटी काढून माझ्या दुकानात आणून दिली आणि मग घरोघर जाऊ लागले. ज्याच्या ज्याच्या परसात त्यांचं झाड, त्याच्या त्याच्या दारात उभं राहायचं आणि सांगायचं, की मी दिलेलं झाड लोणी नव्हे, बायकोच्या आजारपणात माझ्या हातून घोळ झाला, माफी असावी. लोक हसायचे. गल्लीतल्या नर्सबाई म्हणाल्या, अहो पण फळ लोण्यासारखं आहे ना, मग झालं की. यावर सासरे म्हणायचे, लोण्यासारखं आहे, पण लोणी नाही. मी दुकानाच्या काचेतून बघायचो. एका हातात काठी, मान खाली, आणि प्रत्येक दारापाशी थबकून सदरा सारखा करायचे.

मग थंडी आली. त्यांनी लेकीला निरोप पाठवला की सरकारी बागेतल्या अस्सल लोणीच्या काड्या आणून दे, झाड नीट करून टाकतो. तिनं ओल्या फडक्यात गुंडाळून आणल्या. त्या दिवशी करवत मी धरली होती. खुर्चीच्या वरच्या चारही फांद्या सासऱ्यांनी हातभर ठेवून कापायला लावल्या. एवढं मोठं झाड, बघता बघता बोडकं झालं. मग प्रत्येक खोडक्यात पाचर मारून त्यांनी चीर पाडली, नव्या काड्या निमुळत्या तासून त्यात बसवल्या, पट्टी गुंडाळली आणि मेण लावलं. हात सफाईनं चालत होता. पण दर काडीनंतर ते लेकीकडे बघून विचारत होते, "बघ गं, बरोबर बसलीय का?"

ज्या माणसानं जन्मभर डोळे मिटून काड्या बसवल्या, तो हे विचारत होता. आणि बायको वाकून बघायची आणि म्हणायची, हो, बरोबर आहे.

वसंतात काड्या फुटल्या. नव्या पानांचा नमुना गेला, पट्टे जुळले, प्रमाणपत्र आलं. मी ते चौकटीत घालून नेलं तर सासरे म्हणाले, ठेवा तिकडे कपाटात, ते त्या काड्यांचं आहे, माझं नाही. पाटी परत लावू का म्हणून विचारलं, तर नको म्हणाले. बायको म्हणाली, हळूहळू विसरतील. चला, एकदाचं सगळं नीट झालं.

आता यात आला आमचा पाववाला. त्याची भट्टी माझ्या दुकानाच्याच ओळीत, चार दारं सोडून, आणि भट्टीमागे सासऱ्यांनीच दिलेलं नासपतीचं झाड. हा गृहस्थ भारी हट्टी. सासरे माफी मागून गेले तेव्हापासून हा धुमसत होता. खोटं तर खोटं, पण मला पुराव्यानिशी दाखवा, मग मी त्या म्हाताऱ्याकडून खरं झाड घेतल्याशिवाय राहणार नाही, असं दोघा-चौघांत बोलला होता. तो स्वतः प्रयोगशाळेत गेला. तिथल्या भिंतीवर माझ्याच बायकोनं केलेला तक्ता लावलेला आहे, 'पान जोडाच्या वरचंच आणा', खाली चित्रासकट. पाववाल्यानं घरी येऊन जोड शोधला, तो त्याच्या झाडाला घोट्याएवढ्या उंचीवर होता, स्पष्ट दिसणारा. शिडी लावून वरची पानं तोडली आणि नेऊन दिली.

प्रयोगशाळेत नमुन्यावर फक्त आकडा असतो, नाव नसतं. बायकोनं पानं कुटली, पट्टे काढले आणि ते लोणीशी तंतोतंत जुळले. तिला आनंदच झाला. गावात कुणाकडे तरी अस्सल लोणी आहे म्हणून ती बाईंना सांगायला गेली आणि विचारलं, कुणाचं आहे हो हे? बाई म्हणाल्या, तुमच्या गल्लीतल्या पाववाल्याचं.

ती घरी आली आणि ओट्याशी उभी राहिली. चहा उकळून उकळून आटला तरी तिनं बंद केला नाही. मला वाटलं बरं नाही. मग मला म्हणाली, "त्या दिवशी माझ्या बोटात काय गेलं होतं?"

मी म्हटलं, काटा.

"लोणीला काटा नसतो," ती म्हणाली, पिशवी उचलली आणि निघाली. मी चहा बंद केला आणि तिच्या मागोमाग गेलो.

सासरे घरात नव्हते. ती सरळ मागच्या भिंतीशी गेली. खुर्चीवर तिनं हात ठेवला. फुगवट्याच्या वरची साल राखाडी आणि गुळगुळीत, खालची काळसर आणि चौकोनी भेगा पडलेली. लहानपणापासून बघितलेलं झाड, पण आजवर तिला ते दिसलं नव्हतं. कुंडीतल्या कलमांचा जोड घोट्यापाशी असतो म्हणून आईझाडाचाही तिथेच असणार, असं ती धरून चालली होती. तो घोट्यापाशी नव्हताच. सासऱ्यांनी भिंतीपाशी आधीच वाढलेलं रानटी नासपतीचं झाड छातीएवढ्या उंचीवर कापून त्याच्यावर लोणीच्या काड्या बसवल्या होत्या. ज्याला ती खुर्ची म्हणायची, तोच जोड. आणि खुर्चीच्या खाली चार-पाच वाळलेले गोल डाग होते. गुडघा बरा झाल्यावर सासऱ्यांनी सवयीनं कोंब छाटले होते, त्याच्या त्या खुणा. तिनं पानं घेतली होती ती त्या कोंबांची. रानटी झाडाची.

ती तिथेच मातीत बसली. वरती ते बोडकं झाड, खोडक्यांना बांधलेल्या नव्या काड्या. लोणीच्या फांद्या कापून त्यांवर लोणीच्याच काड्या बांधल्या होत्या आम्ही. करवत मी धरली होती.

मी तिला काय सांगितलं ते सांगतो, म्हणजे तुम्हाला कळेल मी कसा माणूस आहे. मी म्हटलं, राहू दे ना. झाड आता प्रमाणित आहे. लोक विसरले. सांगितल्यानं कापलेल्या फांद्या परत येणार आहेत का? दुसऱ्या दिवशी तिनं बाईंच्या कानावर घातलं, तर बाईसुद्धा तेच म्हणाल्या. जुन्या नमुन्यावर 'चुकीचा' असा शेरा मारून ठेवू, पुढच्या वेळी आईझाडाचे नमुने दोघांनी मिळून घ्यायचे, संपलं. वडिलांचं तर भलंच झालंय, त्यांना दाखला मिळालाय, आता उकरून काढण्यात काय अर्थ आहे?

म्हणजे गप्प बसायला सगळ्यांची परवानगी होती. ती बसलीसुद्धा काही दिवस. पण माणूस आतून पोखरला की दिसतं. मी मुद्दाम म्हणालो, साधारण तासाभरात येतो. तिनं विचारलंच नाही, साधारण म्हणजे किती. शेजारणीनं जिन्यात तोंड फिरवलं, तर हिनंच तिला थांबवून त्या मुख्याध्यापक भावाची चौकशी केली. रस्त्यात पाववाला दिसला की ही पलीकडच्या फुटपाथवर जायची. आरशासमोर उभी राहून भांग पाडायची तीही मान खाली घालून. मी एकदा विनोद केला, आता म्हण ना मला काहीतरी. ती म्हणाली, मी कुणाला काही म्हणायच्या लायकीची राहिले नाही.

रविवारी आम्ही सासऱ्यांकडे गेलो. ते अंगणात बाकावर बसून कुंडीतली कलमं तपासत होते. आता पूर्वीसारखी कलमं बांधत नव्हते, हाताची सवय मोडू नये म्हणून आपली दोन-चार. लेकीला बघून त्यांनी एक कुंडी उचलली, पट्टी सोडली आणि जोड तिच्यासमोर धरला.

"बघ गं," ते म्हणाले, "बरोबर आहे का? माझा आता माझ्यावर भरवसा नाही."

तिनं कुंडी घेतली आणि खाली ठेवली. मग उभ्या उभ्याच म्हणाली, "बाबा, तुमचं झाड लोणीच होतं. पान मी चुकीचं घेतलं. खुर्चीच्या खालचं घेतलं."

त्यांना आधी कळलंच नाही. ती त्यांना हाताला धरून झाडापाशी घेऊन गेली, डाग दाखवले, काट्याचं सांगितलं, पाववाल्याच्या पानांचं सांगितलं. सासरे एकेका डागावर अंगठा ठेवत होते. मग त्यांनी वर पाहिलं, कापलेल्या फांद्यांकडे. मला वाटलं, आता झाडाबद्दल काहीतरी बोलतील. पण त्यांच्या मनात वेगळंच होतं.

"म्हणजे त्या वर्षी काड्या बदलल्या नव्हत्या," ते म्हणाले.

"नाही, बाबा."

"मी दारोदार सांगत फिरलो, बायको आजारी होती म्हणून घोळ झाला. तिच्यावर ढकललं मी. ती बिचारी पडल्या पडल्या मला सांगायची, माझी काळजी करू नका, काड्या सुकतील, आधी त्या बांधा." ते खोडाला धरून उभे राहिले. "तिचं काहीच नव्हतं गं त्यात."

बायकोला रडू फुटलं. मी लग्नापासून तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. रडता रडता ती त्यांच्यावरच चिडली. तुम्ही माझ्याशी भांडलात का नाही म्हणाली. तुमचं झाड, तुमचे हात, इतक्या वर्षांची फळं, एकदा तरी म्हणायचं होतंत की नाही, तुझंच चुकलंय म्हणून.

सासरे म्हणाले, "दुसरा कुणी म्हणाला असता, तर अंगणातून हाकलून दिला असता. तू म्हणालीस."

एवढं बोलून ते आत गेले. रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं. तिची नजर टाळत होते, जणू त्यांनीच काहीतरी केलंय.

दुसऱ्या दिवशी तिनं रजा टाकली आणि सासरे ज्या ज्या दारांत गेले होते, त्या त्या दारांत जायला निघाली. मी दुकानाला कुलूप लावून मागे मागे गेलो. तिनं नको म्हटलं नाही. प्रत्येक दारात तेच वाक्य, बाबांचं झाड खरं होतं, पान मी चुकीचं तोडलं. नर्सबाई म्हणाल्या, एवढंच ना, ये, बस, चहा घे. निवृत्त पोस्टमननी तर कानामागे हात धरून तिला दोनदा बोलायला लावलं आणि मग म्हणाले, बरं बरं, छान. कुणी एक शब्द बोललं नाही तिला. तिला कुणीतरी फाडून बोलायला हवं होतं, असं मला तिच्या चालण्यावरून वाटत होतं. दर घराला ती अजून अंग चोरून घेत होती.

शेवटी पाववाला. संध्याकाळच्या पावांची वेळ, दारात गिऱ्हाईक. तो पीठ लागलेले हात पुसत बाहेर आला आणि तिचं सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं हा आता तोंड सोडणार. पण तो हळू आवाजात बोलला.

"तुझा बाप इथं, या पायरीवर बसून रडला होता," तो म्हणाला. "ठाऊक आहे का तुला? पोराला नासलेलं दूध पाजावं तसं केलंय मी लोकांशी, असं म्हणत होता. मी त्याला पाणी दिलं. वर म्हटलं, काका, एवढं काय, पण मनात म्हटलं, लबाड म्हातारा. इतके दिवस मनात तेच धरून बसलो होतो."

तिला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. दुकानाच्या काचेतून मला काठी दिसली होती, मान दिसली होती, पण ही पायरी तिथून दिसत नाही.

पाववाला आत निघून गेला. तिनं पायरीकडे पाहिलं आणि तिथेच बसली. लोक पाव घ्यायला येत होते, तिला वळसा घालून आत जात होते, बाहेर येत होते. कुणी थांबून विचारायचं, काय गं, अशी का बसलीस, बरं नाही का? तर ती मान वर करून त्याला सांगायची, बाबांचं झाड खरं होतं, पान मी चुकीचं तोडलं. ज्याचा त्या झाडाशी काही संबंध नाही त्यालाही सांगायची. एकच गोष्ट दुसऱ्यांदा सांगावी लागली की चिडणारी माझी बायको, तिथे बसून येईल त्याला तेच सांगत होती. भट्टी बंद झाली तरी उठली नाही. मी तिच्या शेजारी बसलो आणि त्या दिवशी मी तिला काहीच म्हणालो नाही.